वर्गातील हवा आणि समतेचा प्रश्न

मुलांच्या शिक्षणाचा विचार करताना आपली परदेशस्थ कुटुंबे शाळेचा लौकिक, शिक्षक, अभ्यासक्रम आणि परीक्षेतील गुण यांची बारकाईने चौकशी करतात. ज्या इमारतीत ही मुले वर्षाकाठी सुमारे १८० दिवस बसतात, तेथे थंडीत ऊब आणि उन्हाळ्यात गारवा असतो काय, वर्गात ताजी हवा येते काय, हे मात्र क्वचितच विचारले जाते. वैद्यकीय व्यवसायात आयुष्य घालविलेल्या आम्हांस ही उणीव गंभीर वाटते.

अमेरिकेतील सार्वजनिक शाळांच्या पुष्कळ इमारती अर्धशतकाहून जुन्या आहेत. संघ सरकारच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०२० मध्ये दिलेल्या अहवालानुसार ४१ टक्के स्कूल डिस्ट्रिक्टना आपल्या किमान निम्म्या शाळांतील हीटिंग, कूलिंग व वायुवीजनाची यंत्रणा बदलणे वा सुधारणे आवश्यक होते. अशा शाळा सुमारे ३६,००० भरल्या. जानेवारी २०१८ मध्ये बाल्टिमोर शहरात हीटिंग बंद पडल्याने मुले अंगात कोट घालून वर्गात बसली आणि अखेर शाळा बंद ठेवाव्या लागल्या.

उष्म्याचे परिणाम इतके डोळ्यांत भरत नाहीत, पण ते खोलवर जातात. सुमारे एक कोटी विद्यार्थ्यांच्या गुणांवर आधारलेला एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. शाळेत एअर कंडिशनिंग नसेल, तर वर्षाचे सरासरी तापमान एक अंश फॅरेनहाइटने वाढताच त्या वर्षीच्या शिक्षणात सुमारे एक टक्का घट होते, असे त्यात आढळले. कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक मुलांचे नुकसान गोऱ्या मुलांच्या सुमारे तिप्पट होते. हवेचेही तसेच आहे. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दशलक्षात सव्वाचारशे भागांच्या आसपास असते. वर्गात ते हजाराच्या बरेच वर गेले, की तेथे एकमेकांनी सोडलेलाच श्वास पुन्हा घेतला जात आहे असे समजावे. अशा खोलीत मुले पेंगतात, संसर्ग झपाट्याने पसरतो. आणि ओल व बुरशी असेल तर दम्याचा विकार बळावतो.

येथे इतिहासातील एक धडा ध्यानी ठेवावा. १९७३ च्या तेलसंकटानंतर इंधन वाचविण्यासाठी ताज्या हवेचेच प्रमाण घटविण्यात आले. माणशी मिनिटाला ५ घनफूट इतके खाली आलेले हे किमान मान १९८९ मध्ये पुन्हा १५ वर न्यावे लागले. श्वास कोंडून केलेली काटकसर ही काटकसर नव्हे. सुधारणेचा योग्य क्रम असा: प्रथम छत, खिडक्या व फटी यांतून वाया जाणारी उष्णता थांबवावी, मग बाहेर जाणाऱ्या हवेतील ऊब आत येणाऱ्या हवेला देणारी वायुवीजन यंत्रणा बसवावी, आणि शेवटी जुन्या बॉयलरच्या जागी योग्य क्षमतेचे हीट पंप आणावेत. एकच यंत्र हिवाळ्यात ऊब व उन्हाळ्यात गारवा देते. केंटकी राज्यातील रिचर्ड्सविल येथे २०१० मध्ये उघडलेली प्राथमिक शाळा भूगर्भातील स्थिर तापमान व छतावरील सौर ऊर्जा यांच्या आधारे वर्षभरात लागेल तितकी ऊर्जा स्वतः निर्माण करण्यासाठी उभारली गेली.

तंत्र उपलब्ध आहे. अडते ते पैशाच्या वाटपात. शाळांच्या इमारतींचा खर्च बव्हंशी स्थानिक मालमत्ता करातून भागतो. जेथे घरे महाग, तेथे त्याच दराने अधिक कर जमतो. ही विषमता राज्यघटनेच्या विरुद्ध नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७३ च्या रॉड्रिग्ज खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी दिला. करोनाकाळात संसदेने शाळांना दिलेल्या सुमारे १९० अब्ज डॉलरांतून वायुवीजनाची कामे करता येत होती. परंतु त्या निधीच्या शेवटच्या हप्त्याची मुदत सप्टेंबर २०२४ मध्ये संपली. साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना घरून नेलेल्या तरटावर वेगळे बसावे लागले. येथील मुलांना कोणी वेगळे बसवीत नाही, तरी घराच्या पत्त्यावरून कोणी गारव्यात तर कोणी घामाघूम होऊन शिकावे, हे आपल्या समाजाने निमूटपणे पाहण्याजोगे नाही.

'आमची मुले शिकून बाहेर पडली, आता वाढीव कर कशासाठी?' असा सूर आपल्यातही ऐकू येतो. निवृत्तांवर कराचा भार पडतो, हे आम्ही नाकारीत नाही. त्यांच्यासाठी सवलत मागणे रास्तच आहे. परंतु आपली मुले ज्या वर्गांत शिकली, त्यांचा खर्च आपल्या आधीच्या करदात्यांनी उचलला होता, हे विसरता येत नाही.

म्हणून आमची विनंती आहे. स्कूल बोर्डाच्या सभेस जावे. बॉयलर किती वर्षांचा आहे, फिल्टर केव्हा बदलले, वर्गातील कार्बन डायऑक्साइड मोजला जातो काय, आणि दुरुस्तीच्या यादीत गरीब वस्तीतील शाळा कितव्या क्रमांकावर आहेत, हे चार प्रश्न विचारावेत. ज्यांना नागरिकत्व मिळालेले नाही, त्यांनाही सभेत बोलता येते. ज्यांना मताचा अधिकार आहे, त्यांनी शाळांच्या बाँडवर मतदान होईल त्या दिवशी घरी बसू नये.