दोघी एका घरात

माजलगाव तालुक्यातील एका माउलीने आम्हाला विचारले आहे : मुलगी बावीस वर्षांची. लग्नाला नाही म्हणते, मैत्रिणीबरोबरच जन्म काढीन म्हणते. दिवाळीनंतर ऊसतोडीला निघायचे, त्याआधी तिचे लग्न उरकून टाकू का?

बाई, कोयता म्हणजे काय हे बीडच्या माणसाला सांगायला नको. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम उचल देतो ती जोडीला; एकटे माणूस अर्धा कोयता. म्हणून तर कारखाने सुरू होण्याआधी कोवळ्या मुलींची लग्ने घाईने लागतात. 1980 साली अमेरिकेतील कवयित्री एड्रिएन रिच यांनी एका निबंधात मांडले, की बाई पुरुषाशी संसार मांडते तो दरवेळी मनाच्या ओढीने नव्हे. पोट, रीत आणि धाक तिला तिकडे ढकलतात. बाईंनी ऊसाचा फड पाहिला असण्याचे कारण नाही!

रिच स्वतः समलिंगी होत्या, म्हणजे बाईवरच प्रेम करणाऱ्या. त्या काळी तिकडच्या काही जहाल भगिनी पुरुषांपासून पार वेगळे राहू म्हणत. बॉस्टनच्या कोम्बाही रिव्हर कलेक्टिव्ह या काळ्या स्त्रियांच्या गटाने 1977 च्या जाहीरनाम्यात हे नाकारले. या गटातही समलिंगी स्त्रिया होत्या. त्यांचे म्हणणे असे, की वर्णद्वेषाविरुद्ध आम्ही आमच्या भावांबरोबर लढू आणि त्यांच्या पुरुषीपणाबद्दल त्यांच्याशीही भांडू. आमच्या वस्तीतल्या कार्यकर्त्या बाईला हे चटकन उमजेल.

आपल्याकडे मुंबईत 1995 साली अशा स्त्रियांनी 'स्त्री संगम' हा गट काढला. पुढे त्याचे नाव 'लेबिया' झाले. आपल्यासारखी दुसरी कोणी आहे, एवढे कळण्यानेही एकटी पडलेली मुलगी जगते.

आपल्यापैकी काहीजण म्हणतील, हे बाबासाहेबांच्या चळवळीत कशाला? तर 1934 साली र. धों. कर्व्यांवर 'समाजस्वास्थ्य' मासिकातील मजकुरासाठी अश्लीलतेचा खटला झाला. वाचकांच्या प्रश्नांत समलिंगी संबंधांचाही प्रश्न होता. तेव्हा कर्व्यांची बाजू कोर्टात बाबासाहेबांनीच मांडली. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण बाबासाहेब तिथे उभे राहिले, हे आम्ही विसरावे काय?

आता कायद्याचे. 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान माणसांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून काढले. 31 मे 2022 रोजी केरळ उच्च न्यायालयाने घरच्यांनी ताटातूट केलेल्या दोन तरुणींना एकत्र राहण्याची मोकळीक दिली. अशा लग्नाला मात्र कायद्याची मान्यता नाही. 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात ती मिळाली नाही.

तेव्हा बाई, मुलगी सज्ञान आहे. तिला कोंडू नका, मारू नका, आणि लग्न तर लावूच नका. लोक बोलतील, भावकी तोंड फिरवील, हे आम्ही जाणतो. पण धाकाने लावलेल्या लग्नात दुसऱ्याच्या मुलाचाही जन्म फुकट जातो, हे कोणी बोलत नाही. तिच्या मैत्रिणीला एकदा घरी जेवायला बोलवा. पुढे दोघींनी बिऱ्हाड केले तर बँकेत दोघींच्या नावे खाते निघते. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्र सरकारने तसे स्पष्ट केले आहे. रेशन कार्डासाठीही अशा जोडीला एक घर धरावे, असे राज्यांना कळवले आहे. तहसीलमध्ये कोणी परत पाठवले तर अर्जाची पोच घेऊन ठेवा आणि आम्हाला कळवा.