संकेतस्थळाचे ॲप : नाव सोनूबाई!

अलीकडे आपल्या महाविद्यालयात एक नवी टूम निघाली आहे. जो तो आपल्या आवडत्या संकेतस्थळाचे 'ॲप' करून संगणकाच्या पडद्यावर मांडून ठेवतो. क्रोम आणि एज या ब्राउझरांत उघडलेले पान ॲप म्हणून बसवण्याची सोय आहेच; ॲपलनेही २०२३ साली सफारीत ती आणली. दोन-तीन क्लिक केले की त्या स्थळाला स्वतःची खिडकी मिळते, स्वतःचे चिन्ह मिळते. पत्त्याची पट्टी आणि शेजारचे टॅब नाहीसे होतात.

या सोयीला नाके मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. अभ्यासाला बसल्यावर शेजारी वीस टॅब खुणावत नसले, तर मन ठिकाणावर राहते. मराठी विश्वकोशाची अशी खिडकी मी करून ठेवली आहे आणि इतिहासाची निम्मी टिपणे तिच्यातूनच काढली आहेत. परंतु 'विश्वकोश माझ्या संगणकात आला' असे जे म्हटले जाते, ते मला मान्य नाही. माझे वडील चौथीपर्यंत शिकलेले. दिवाळीत चुलतभावाच्या जुन्या लॅपटॉपवर त्यांना ही खिडकी दाखवत असताना नेट गेले. ते म्हणाले, "मशिनीत हाय न्हवं? मग उघडत का न्हाई रं?" या एका प्रश्नात सारे आले! नेट नसतानाही चालावे अशी तजवीज काही स्थळांचे कर्ते करून ठेवतात, पण ती त्यांची मर्जी. आपण खिडकी केली म्हणून मजकूर आपल्याकडे येत नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा!

याहून वाईट प्रकार म्हणजे कोणीतरी बांधून दिलेली तयार ॲपे. त्यांतली पुष्कळशी 'इलेक्ट्रॉन' नावाच्या साधनावर उभी असतात आणि प्रत्येक ॲप आपल्या पोटात क्रोमियमचा अख्खा ब्राउझर घेऊन येते. ४ जीबी मेमरीच्या यंत्रावर अशी तीन-चार उघडली, की बैलगाडीला ऊस जास्त झाल्यासारखी गत होते. शिवाय बांधणारा कंटाळला की आतला ब्राउझर जुना होत जातो आणि त्यातली भोके तशीच राहतात. कोणत्याही स्थळाचे ॲप करून देणारे 'नेटिव्हफायर' हे साधन एके काळी लोकप्रिय होते. २०२३ पासून त्याची देखभाल थांबली आहे. मोझिलाचे 'प्रिझम' २००७ साली निघाले आणि काही वर्षांतच गुंडाळले गेले. आणि पत्त्याची पट्टीच नसेल, तर आपण पासवर्ड नक्की कोठे टाइप करतो आहोत हे कळायचे कसे? बँकेचे आणि शिष्यवृत्तीचे काम तरी अशा परक्या ॲपात कोणी करू नये.

ज्यांना ज्ञान खरोखर घरी आणायचे आहे, त्यांच्यासाठी 'किविक्स' आहे. विकिपीडिया, अगदी मराठी विकिपीडियासुद्धा, एका फाइलच्या रूपात उतरवून घ्यायचा आणि मग नेटवाचून वाचायचा. गावी जाणाऱ्या आमच्यासारख्यांना हे ॲप नुसत्या खिडकीपेक्षा कितीतरी मोलाचे आहे. ग्रंथपाल सरांना माझी विनंती आहे, की ग्रंथालयाच्या संगणकांवर ही फाइल सुटीपूर्वी उतरवून ठेवावी आणि विद्यार्थ्यांना नकलून नेऊ द्यावी. पेनड्राइव्ह आम्ही आमचे आणू.