विश्लेषण : लिलावातला ‘स्वस्त’ खेळाडू खरंच स्वस्त असतो का? फँटसीचे पैसे बंद झाले, वाद मात्र रंगात!

चाकणच्या तळेगाव चौकात कंपनीची बस अडकली की किमान वीस मिनिटांची निश्चिंती. आयपीएलचा हंगाम तोंडावर आला की ही वीस मिनिटे एकाच विषयाला मिळतात. कोण स्वस्तात सुटला, कोणावर उगाच पैसे उधळले आणि चेन्नई यंदा वर येणार की पुन्हा तळाला जाणार? निगडी, मोशी, भोसरीहून निघणाऱ्या बस असोत की दुसऱ्या पाळीचा कॅन्टीनमधला चहा, लिलावाचे आकडे सगळ्यांना तोंडपाठ असतात.

गेल्या हंगामापर्यंत या गप्पांचा शेवट मोबाइलमधल्या ॲपवर व्हायचा. ४९ रुपये भरायचे, अकरा जण निवडायचे आणि रात्री झोपताना रँक बघायची. यंदा तो शेवट नाही. २२ ऑगस्ट २०२५ ला ऑनलाइन गेमिंग कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि ड्रीम११ सह बहुतेक कंपन्यांनी पैशांच्या स्पर्धा थांबवल्या. मग आता या वादांना अर्थ काय उरला? खरे तर अर्थ आताच आला आहे.

कायद्याने नेमके काय बदलले?

आधी न्यायालयांचा कल फँटसीच्या बाजूने होता. २०१७ मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने आणि २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा कौशल्याचा खेळ मानला. नव्या कायद्याने कौशल्य की नशीब हा प्रश्नच बाजूला ठेवला. पैसे लावून, पैसे जिंकण्यासाठी खेळला जाणारा ऑनलाइन खेळ म्हटला की तो बंद. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही.

कंपन्यांचे म्हणणे होते की अभ्यास करणारा जिंकतो. ते अर्धेच खरे होते. दोन्ही संघांचे मिळून २२ खेळाडू, त्यातून ११ निवडायचे. असे संच होतात ७ लाख ५ हजार ४३२. प्रत्येक संचात कर्णधार आणि उपकर्णधार निवडण्याचे ११० प्रकार. गुणाकार केला की ७ कोटी ७५ लाख ९७ हजार ५२० संघ. क्रेडिटची मर्यादा आणि एका संघातून किती खेळाडू घ्यायचे याचे नियम लावले की आकडा कमी होतो, पण तरीही तो अवाढव्यच राहतो. लाखो लोकांच्या स्पर्धेत पहिला यायचे तर चांगला संघ पुरत नाही, इतर कोणीही न लावलेला संघ लावावा लागतो. म्हणजे ज्याच्याबद्दल खात्री आहे त्याला सोडून, ज्याच्याबद्दल नाही त्याला कर्णधार करायचे. याला अभ्यास म्हणणे अवघड आहे.

पिंपरी-चिंचवडकरांना हे वेगळे सांगायला नको. ऑक्टोबर २०२३ मध्ये, विश्वचषक सुरू असताना इथल्याच पोलीस दलातील एका उपनिरीक्षकाला दीड कोटींचे बक्षीस लागले. पुढे त्यांच्यावर निलंबनाची कारवाई झाली, त्यावरही बरीच चर्चा झाली. पण औद्योगिक पट्ट्यात त्या बातमीचा जो अर्थ लावला गेला तो असा : त्यांना लागले, मग आपल्यालाही लागेल. ज्यांचे गेले त्यांची बातमी होत नाही. देशात सुमारे ४५ कोटी लोक पैशांच्या ऑनलाइन खेळांत वर्षाला जवळपास २० हजार कोटी रुपये गमावतात, असा अंदाज कायदा आणताना सरकारी सूत्रांनी दिला होता. कंत्राटी कामगाराच्या महिनाअखेरच्या हिशोबात त्यातले किती बसले, हे त्याचे त्यालाच माहीत.

रोजच्या स्पर्धेने आणखी एक नुकसान केले, त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. तिने हंगामापूर्वीचा वादच निरुपयोगी करून टाकला. आजच्या सामन्यात कोण चालेल एवढाच प्रश्न असेल, तर दोन महिन्यांत कोण मोठा होईल याचा विचार कशाला करायचा?

मग ‘स्वस्त’ म्हणायचे कोणाला?

याचे उत्तर शोधायला सांगवीच्या पुढे जायची गरज नाही. जुनी सांगवीचा ऋतुराज गायकवाड थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत घडला. डिसेंबर २०१८ च्या लिलावात चेन्नई सुपर किंग्जने त्याला २० लाखांत घेतले. ती त्याची मूळ किंमत होती, म्हणजे दुसऱ्या कोणी हात वर केलाच नाही. २०१९ च्या पूर्ण हंगामात त्याला एकही सामना मिळाला नाही. २०२० मध्ये मिळाला, तेव्हा पहिल्या तीन डावांत त्याने ०, ५ आणि ० धावा केल्या. नंतर सलग तीन अर्धशतके झळकावली. २०२१ ची सुरुवात पुन्हा ५, ५ आणि १० अशी झाली.

दोन हंगामांतल्या पहिल्या तीन-तीन डावांची बेरीज केली तर सहा डावांत २५ धावा भरतात. रोज संघ बदलणाऱ्या माणसाने असा खेळाडू ठेवला असता का? शक्यच नाही. त्याच २०२१ च्या हंगामात ऋतुराजने १६ सामन्यांत ६३५ धावा करून ऑरेंज कॅप मिळवली. त्याच्याबरोबर सलामीला येणारा फाफ डुप्लेसी ६३३ वर राहिला. चेन्नईने चषक जिंकला.

इथे एक गोष्ट नीट बघायला हवी. ऋतुराज स्वस्त ठरला तो २० लाखांमुळे नाही. २०१९ मध्येही तो २० लाखांचाच होता आणि फँटसीसाठी त्याची किंमत शून्य होती. बदलली ती जागा. २०२१ मध्ये तो सगळे १६ सामने सलामीला आला. पॉवरप्लेमध्ये वर्तुळाबाहेर दोनच क्षेत्ररक्षक, समोर पूर्ण वीस षटके आणि तीन डाव फसले तरी न काढणारे व्यवस्थापन. खेळाडूच्या गुणांइतकाच हा संधीचा हिशोब आहे. त्यामुळे हंगामापूर्वी विचारायचा प्रश्न ‘केवढ्याला घेतला’ हा नाही. ‘किती चेंडू खेळायला मिळतील’ हा आहे. गोलंदाज असेल तर किती षटके, आणि त्यातली शेवटची किती.

लिलावाची किंमत मुळात खेळाडूची नसतेच. दोन संघमालकांच्या खिशात त्या क्षणी किती शिल्लक आहे आणि तशा प्रकारचे अजून किती खेळाडू यादीत उरले आहेत, यावर ती ठरते. डिसेंबर २०२५ च्या अबुधाबीतील लिलावात चेन्नईने प्रशांत वीर आणि कार्तिक शर्मा या दोन नवोदितांना प्रत्येकी १४ कोटी २० लाखांना घेतले. मूळ किंमत ३० लाख, म्हणजे ४७ पट. दोघे गुणी असतील, शंका नाही. पण त्या बोलीत चेन्नईच्या मोठ्या शिलकीचा वाटाही तेवढाच आहे. १४ कोटींचा आहे म्हणजे तो रोज खेळेलच, असे गृहीत धरणारा पहिल्याच आठवड्यात तोंडावर पडू शकतो.

पृथ्वी शॉ ७५ लाखांत, ही लॉटरी आहे का?

सध्या बसमध्ये सर्वांत जास्त आवाज याच नावावर चढतो. बाजू मांडणाऱ्यांकडे मुद्दे भक्कम आहेत. मुंबई सोडून महाराष्ट्राकडून खेळायला लागल्यावर शॉने ऑक्टोबर २०२५ मध्ये चंडीगडविरुद्ध रणजी सामन्यात द्विशतक ठोकले, तेही १४१ चेंडूंत. २०२१ च्या आयपीएलमध्ये त्याच्या ४७९ धावा होत्या. २०२४ च्या मोठ्या लिलावात त्याला कोणी घेतलेच नाही. यंदा दिल्लीने ७५ लाखांत, मूळ किमतीलाच उचलले. कागदावर यापेक्षा स्वस्त काय असणार?

पण वरचाच प्रश्न लावून बघा. दिल्लीकडे के. एल. राहुल आहे. त्याच लिलावात दिल्लीने बेन डकेट आणि पथुम निसांका हे दोन सलामीवीर घेतले. शॉ सलामीशिवाय कुठे खेळणार? त्याचा संपूर्ण खेळ नव्या चेंडूवर उभा आहे. जागा नसलेला स्वस्त खेळाडू म्हणजे स्टोअरमध्ये पडून राहिलेला सुटा भाग. तो लाइनवर येईपर्यंत त्याची किंमत धरायची नसते.

उलट ऋतुराज यंदा दुर्लक्षिला जातोय असे दिसते. १८ कोटींचा कर्णधार दुर्लक्षित कसा, असे कोणी म्हणेल. लिलावात नाही, लोकांच्या डोक्यात. २०२५ मध्ये कोपराच्या दुखापतीमुळे तो पाचच सामने खेळला, १२२ धावा केल्या आणि चेन्नई दहाव्या म्हणजे शेवटच्या स्थानी राहिली. माणसाला शेवटचे तेवढेच आठवते. त्याआधीच्या दोन हंगामांत त्याने ५९० आणि ५८३ धावा केल्यात, हे मागे पडले. त्याच्या जागी आलेल्या विरारच्या आयुष म्हात्रेने सात सामन्यांत २४० धावा करून मन जिंकले. आता राजस्थानकडून संजू सॅमसनही आला, तोही सलामीलाच शोभणारा. मग ऋतुराज तिसऱ्या क्रमांकावर जाईल आणि गुण कमी होतील, असा तर्क चालतो. तर्क चुकीचा नाही, पण टोकाला नेलेला आहे. टी-२० मध्ये बहुतेक चेंडू पहिल्या तिघांच्याच वाट्याला येतात, आणि २०२५ ची सुरुवात त्याने तिसऱ्या क्रमांकावरच मुंबईविरुद्ध २६ चेंडूंत ५३ धावांनी केली होती. शिवाय कर्णधाराला बाकावर बसवत नाहीत. जोखीम आहे ती कोपराची, क्रमांकाची नाही.

(इथे भावना आड येते, हेही मान्य करायला हवे. गहुंजेला स्वतःचा आयपीएल संघ टिकला नाही. पुणे वॉरियर्स गेला, २०१७ च्या अंतिम सामन्यात एका धावेने हरलेला रायझिंग पुणेही गेला. त्यामुळे या भागातला चाहता संघाचा नाही, माणसाचा होतो. सांगवीत ऋतुराजला संघाबाहेर ठेवणारा फँटसी खेळाडू सापडणे कठीण.)

पूर्ण संघाचा अंदाज कसा बांधायचा?

यासाठी क्रिकेटपेक्षा कबड्डीचे उदाहरण जास्त बोलके आहे, आणि तेही मुळा नदीपलीकडच्या बालेवाडीचे. प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामात प्रत्येक संघाला पाच कोटींची मर्यादा होती. तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले, म्हणजे अर्ध्याहून जास्त. सगळे म्हणाले, यंदा टायटन्स. टायटन्सने २२ पैकी दोन सामने जिंकले आणि ते तळाला राहिले.

पुणेरी पलटणनेही हात आखडता घेतला नव्हता. इराणच्या मोहम्मदरेझा शादलूला त्यांनी २ कोटी ३५ लाखांना घेतले. म्हणजे दोघांनी जवळपास अर्धी थैली एकाच माणसावर रिकामी केली. तरी पलटण ९६ गुणांसह साखळीत पहिली आली आणि १ मार्च २०२४ ला हरियाणा स्टीलर्सला २८-२५ ने हरवून विजेती ठरली.

फरक उरलेल्या अर्ध्यात होता. पलटणकडे अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार, नाशिकचा आकाश शिंदे, मोहित गोयत अशी तरुण फळी आधीच तयार होती. चढाईची चिंता नव्हती, बचावात एक भक्कम कोपरा हवा होता, तो विकत घेतला. टायटन्सने सर्वांत चांगला चढाईपटू घेतला आणि त्याच्या मागे आधार देणारे कोणी उरले नाही. चाकणमध्ये लाइनवर काम करणाऱ्याला हे लगेच कळेल. अडथळा पाचव्या स्टेशनला असताना दुसऱ्या स्टेशनला कितीही महाग मशीन बसवले, तरी दिवसाचे उत्पादन वाढत नाही. कोणत्याही संघाची यादी हातात आली की सर्वांत मोठे नाव नव्हे, सर्वांत कच्चे स्टेशन आधी शोधावे.

पैसे नाहीत, मग खेळायचे कसे?

इंग्लिश प्रीमियर लीगचा अधिकृत फँटसी खेळ वर्षानुवर्षे प्रवेश शुल्काशिवाय चालतो. १०० दशलक्ष पौंडांचे काल्पनिक बजेट, १५ खेळाडू, एका क्लबचे जास्तीत जास्त तीन आणि संपूर्ण हंगामाची बेरीज. हंगामभराच्या स्पर्धेत एक फसलेला सामना कोणाला बुडवत नाही, त्यामुळे अंदाजाला किंमत येते. पट्ट्यातल्या मित्रमंडळींना हेच आयपीएलसाठी करता येईल. काल्पनिक १०० कोटी वाटून घ्यायचे, व्हॉट्सॲपवर लिलाव करायचा आणि गुणांची नोंद एक्सेलमध्ये ठेवायची. ज्याच्याकडे एक्सेल आहे त्याच्यावर संशय घेतला जाईल, ते वेगळे.

एकच पथ्य. ‘प्रत्येकी ५०० काढू, जिंकणाऱ्याला सगळे’ असे ठरवले की मामला बदलतो. जुगारबंदीचा १८८७ चा कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे. आणि टेलिग्रामवर ‘आयडी देतो’ म्हणणाऱ्यांपासून तर चार हात लांबच राहिलेले बरे. तिथे जिंकलेले पैसे अडकले तर तक्रार करायलाही तोंड राहत नाही.

नियम ठरवताना भांडण होणारच, विशेषतः हंगामात किती बदल करू द्यायचे यावर. तीन-चारपेक्षा जास्त देऊ नयेत. आणि पहिला बदल पाचव्या सामन्यानंतरच, नाहीतर ५, ५, १० वर कोणीतरी पुढचा ऋतुराज सोडून देईल. पृथ्वी शॉवर बोली लावायची असेल तर मूळ किमतीच्या पुढे जाऊ नये. चेन्नईचे तिघे कोणत्या क्रमाने उतरतात, ते पहिल्या दोन सामन्यांत कळेलच.