अकापुल्कोची वाळू कोणाची?

सुट्टी म्हटली की कष्टकऱ्याच्या घरात पहिला प्रश्न पैशाचा आणि दुसरा रजेचा. लेकरे विचारतात, "कुठे जायचे?" आई डब्यातले पैसे मोजते, आणि बाप मनातल्या मनात खाड्यांचा हिशेब करतो. हे फक्त आपल्याच घरात चालते असे कोणास वाटत असेल, तर त्यांच्यासाठी या खेपेस आम्ही वाचकांना फार लांब नेणार आहोत. मेक्सिको देशात पॅसिफिक महासागराच्या काठी अकापुल्को नावाचे शहर आहे. ईस्टरच्या आठवड्यात तिथे कोण जाते, कसे जाते आणि काय खाते, ते पाहू.

मेक्सिकोतली बहुसंख्य माणसे कॅथलिक ख्रिस्ती. झावळ्यांच्या रविवारापासून ईस्टरच्या रविवारापर्यंतच्या आठवड्याला ते 'सेमाना सांता' म्हणजे पवित्र सप्ताह म्हणतात. हा सण चंद्रावर चालतो, म्हणून तारीख दर साली बदलते. २०२४ साली ईस्टर ३१ मार्चला आला, २०२५ साली २० एप्रिलला. शाळांना या आठवड्याची आणि पुढच्याही आठवड्याची सुट्टी असते. राजधानी मेक्सिको सिटीतल्या इस्तापालापा भागात १८४३ पासून वस्तीतलीच माणसे येशूच्या अखेरच्या दिवसांचे नाट्य रस्त्यावर करतात. १८३३ च्या पटकीच्या साथीतून गाव वाचले, त्याची ती आठवण. पण ज्यांना जमते ती कुटुंबे सरळ समुद्राची वाट धरतात.

आता गंमत पाहा. देश या आठवड्यात थांबल्यासारखा होतो, पण तिथल्या कामगार कायद्यातल्या सक्तीच्या सुट्ट्यांत पवित्र गुरुवार नाही आणि शुक्रवारही नाही. मालकाने दिली तर सुट्टी, नाहीतर स्वतःची रजा घाला. ती रजा तरी किती? १९७० च्या कायद्याप्रमाणे एक वर्ष नोकरी झाल्यावर पगारी रजा अवघी सहा दिवसांची होती. १ जानेवारी २०२३ पासून ती बारा दिवसांची झाली. सहाचे बारा व्हायला पन्नास वर्षांहून अधिक काळ गेला! म्हणून वाळूवर पाय पसरून बसलेला कामगार दिसला, की त्याला आळशी म्हणण्याआधी या बारा दिवसांची आठवण ठेवावी.

मेक्सिको सिटी ते अकापुल्को अंतर सुमारे ३८० किलोमीटर. मोटारीचा रस्ता १९२७ साली झाला आणि त्यानंतर या बंदरगावाचे दिवस पालटले. १९४६ ते १९५२ या काळात राष्ट्राध्यक्ष असलेल्या मिगेल आलेमान यांनी इथे हॉटेलांना जोर दिला. खाडीच्या कडेने जाणाऱ्या मोठ्या रस्त्याला त्यांचेच नाव आहे. हॉलिवूडचे नटनट्या यायला लागले. १९९३ साली नवा जलद महामार्ग झाला, पण त्याचा टोल भारी. म्हणून खिसा हलका असलेली कुटुंबे आजही जुन्या, टोल नसलेल्या घाटरस्त्याने येतात. वेळ जास्त लागतो, पण पैसे वाचतात. हा हिशेब आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको.

ही मंडळी जातात ती बहुधा कालेता आणि कालेतिया या जुन्या, लहान किनाऱ्यांवर. पाणी शांत, लाटा लहान, म्हणून लेकुरवाळ्यांची तिथेच गर्दी. समोर ला रोकेता नावाचे बेट आहे आणि तळाला काच बसवलेल्या होड्या तिकडे नेतात. आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत सारे घर आलेले असते. घरून आणलेली पातेली, थंड पेयांची पेटी, भाकरीसारख्या तोर्तियांचे गाठोडे, पावात भरलेले कालवण. कित्येक जण अंगावरच्या कपड्यांनिशीच पाण्यात उतरतात. काही कुटुंबे खोलीचे भाडे वाचवायला रात्री वाळूवरच झोपतात.

अशा माणसांसाठी मेक्सिकोतल्या पांढरपेशा लोकांनी एक शब्द काढला आहे. 'उआराचे' म्हणजे साधी चामड्याची वहाण, आणि हे म्हणे 'वहाणवाले पर्यटक'. यांनी घाण केली, यांनी काही खरेदी केले नाही, यांच्यामुळे शहराची शोभा गेली, अशी बोलणी दर साली ठरलेली. कचरा करू नये हे खरेच, आणि ते सगळ्यांनाच लागू आहे. पण राग कचऱ्याचा आहे की गरिबाने समुद्रावर येण्याचाच, हेही विचारायला हवे.

कायदा मात्र वहाणवाल्यांच्या बाजूने आहे. मेक्सिकोत समुद्रकिनारा राष्ट्राच्या मालकीचा आहे. भरतीच्या रेषेपासून आत वीस मीटरचा पट्टाही सरकारी. त्या पट्ट्यात हॉटेलवाल्याला परवाना मिळतो, मालकी मिळत नाही. कागदावर हे चोख, पण व्यवहारात खुर्च्यांच्या रांगा, दोऱ्या आणि पहारेकरी. फेब्रुवारी २०२० मध्ये देशाच्या दुसऱ्या टोकाला, प्लाया देल कारमेन गावी, वाळूवर बसलेल्या एका जोडप्याला पोलिसांनी बेड्या घालून नेले. जवळच्या एका क्लबच्या लोकांनी त्यांना उठायला सांगितले होते आणि ते उठले नव्हते. यावर गावातल्या माणसांनी काय करावे? चादरी आणि डबे घेऊन ती त्याच वाळूवर जाऊन बसली! त्याच वर्षी ऑक्टोबरात देशाच्या कायद्यात दुरुस्ती झाली. किनाऱ्यावर जायला कोणासही अडवता येणार नाही, सार्वजनिक वाट नसेल तर शेजारच्या जमीनवाल्याने आपल्या जागेतून जाऊ द्यावे, आणि अडवणाऱ्यास दंड. मोठ्यात मोठा दंड त्या वेळच्या हिशेबाने दहा लाख पेसोंच्या वर जातो. कायदा झाला म्हणून दोऱ्या एका रात्रीत सुटत नाहीत, पण दोरी बेकायदा आहे हे गरिबाला छातीठोक सांगता येते. हा फरक लहान नव्हे.

आता थोडे खाण्याचे, कारण आमच्या भगिनी तेच आधी विचारतील. पवित्र शुक्रवारी मटण वर्ज्य, म्हणून मासळीला मान. मासा मधून उघडायचा, लाल मिरचीचे वाटण चोळायचे आणि निखाऱ्यावर भाजायचा. गुरुवारी इथे 'पोसोले' खायचा रिवाज आहे. मक्याचे मोठे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून, साल काढून केलेला तो रस्सा. वर लिंबू, कांदा, मिरची. ज्या मिरचीशिवाय आपले जेवण होत नाही ती मूळची याच मुलुखातली. चिकूही तिकडचाच. तिकडे त्याला 'चिकोसापोते' म्हणतात, आपले नाव त्यातूनच आले. उलट चिंच आणि आंबा आपल्या बाजूने तिकडे गेले. चिंचेत साखर, मीठ आणि मिरची घालून केलेल्या गोळ्या वाळूवर विकत मिळतात. आणि मक्याचे नाव निघाले म्हणून सांगतो. वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे यांनी मेक्सिकोत राहून मक्यावर संशोधन केले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. थोर चित्रकार दिएगो रिवेरा यांनी त्यांना आपल्या भित्तिचित्रात रंगवले आहे. खानखोजे १९६७ साली नागपुरात वारले.

आंबा आणि चिंच तिकडे पोचवणाऱ्या वाटांतली मोठी वाट याच बंदरातून जात होती. १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षे स्पेनची गलबते फिलिपाइन्सच्या मनिला बंदरातून अकापुल्कोला येत. त्यांतून रेशीम, मसाले आणि चिनी मातीची भांडी आली, तशी बांधलेली माणसेही आली. हिंदुस्थानातली म्हणून ओळखली जाणारी एक मुलगी १६२० च्या सुमारास गुलाम म्हणून इथे उतरली. पुढे ती पुएब्ला शहरात कातारिना दे सान हुआन या नावाने प्रसिद्ध झाली आणि १६८८ साली वारली. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे वंशज आजही अकापुल्कोच्या खालच्या किनारपट्टीत राहतात. त्यांना देशाच्या राज्यघटनेत स्वतःच्या नावाने स्थान मिळाले ते थेट २०१९ साली. आणि हे शहर ज्या राज्यात आहे त्याचे नाव गेरेरो. विसेंते गेरेरो हे आफ्रिकी रक्ताचे, खेचरे हाकणाऱ्याच्या घरातले पुढारी. ते राष्ट्राध्यक्ष झाले आणि १८२९ साली त्यांनी देशातली गुलामगिरी बंद केल्याचे जाहीर केले. वाळूवर खेळणाऱ्या लेकरांना हा इतिहास कोणी सांगत असेल तर किती बरे!

सुट्टी एकाची, तेव्हा काम दुसऱ्याचे. खाटा-छत्र्या भाड्याने देणारे, मिरची लावलेल्या आंब्याच्या फोडी विकणाऱ्या बाया, खोल्या झाडणाऱ्या मोलकरणी यांना या पंधरवड्याच्या कमाईवर पुढचे महिने काढायचे असतात. ला केब्रादाच्या कड्यावरून सुमारे ३५ मीटर खाली उडी टाकणारे पाणबुडेही कामगारच. खालची खाच अरुंद, पाणी उथळ. लाट आत येण्याचा क्षण चुकला की जीव गेला. १९३४ पासून हा खेळ चालू आहे आणि पोरे ही विद्या घरच्यांकडून शिकतात.

२५ ऑक्टोबर २०२३ च्या मध्यरात्रीनंतर 'ओटिस' नावाचे चक्रीवादळ थेट या शहरावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २६० किलोमीटर. आदल्या दिवशी साधे वाटणारे वादळ काही तासांत राक्षस झाले, सावध व्हायला वेळच मिळाला नाही. हॉटेलांच्या काचा फुटल्या, डोंगरावरच्या वस्त्यांचे पत्रे उडाले, होड्या राखायला होड्यांतच झोपलेले खलाशी बुडाले. पाच महिन्यांनी पवित्र सप्ताह आला, तेव्हा बरीच हॉटेले बंदच होती. तरीही कुटुंबे आली, डबे घेऊन, मुले घेऊन. ज्यांना शोभा घालवणारे म्हणून हिणवले, त्यांच्याच पैशांनी त्या आठवड्यात अनेक चुली पेटल्या.

शेवटी आमच्या घरांसाठी तीन गोष्टी. तिथले आरोग्य खाते सुट्टीआधी किनाऱ्याचे पाणी तपासते आणि कुठे पोहणे बरे, कुठे नाही, ते जाहीर करते. आपणही गटाराचे तोंड जिथे समुद्राला मिळते तिथे लेकरांना उतरवू नये. दुसरे, लाट शांत दिसली तरी मुलाचा हात सोडू नये आणि दारू पिऊन पाण्यात जाऊ नये. तिसरे आणि महत्त्वाचे, घरची भाकरी बांधून नेण्यात कसलीही लाज नाही. फडके पसरा, पोटभर जेवा, उठताना जागा स्वच्छ करा. वर्षातून एक दिवस का होईना, घरातल्या बाईला चुलीपासून सुट्टी द्या आणि तिलाही पाण्यात पाय बुडवू द्या.