त्वचेवरची पूर्वसूचना आणि सार्वजनिक आरोग्यसेवा

तान्ह्या मुलाच्या अंगावर चट्टे उठले की महाराष्ट्रातील घराघरांत ‘पित्त उठले’ असे म्हणून आमसुलाचे पाणी लावले जाते. बहुतेक वेळा तेवढे पुरते, कारण सामान्य गांधी खाजतात, जागा बदलतात आणि दिवसभरात विरून जातात. परंतु ज्या मुलाला जन्मापासूनच असे चट्टे वारंवार उठतात, त्यांना खाज बेताची असते, सोबत ताप येतो, डोळे लाल होतात, सांधे दुखतात आणि नेहमीच्या गोळ्यांनी गुण येत नाही, त्या मुलाची त्वचा काही निराळेच सांगत असते. जंतुसंसर्ग नसतानाही जनुकातील दोषामुळे शरीराची संरक्षणयंत्रणा आपण होऊन दाह पेटवीत आहे, ही ती सूचना होय. १९६२ मध्ये मकल व वेल्स या इंग्लिश डॉक्टरांनी असे चट्टे, बहिरेपणा आणि मूत्रपिंडांचा नाश एकाच कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्याचे नोंदविले. त्यामागील जनुक सापडले २००१ मध्ये.

त्याच १९६२ साली चंदीगड येथे पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्था स्थापन झाली आणि १९६७ मध्ये संसदेच्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा मिळाला. पंजाब, हरियाणा, हिमाचल आणि जम्मू-काश्मीरमधील कष्टकरी कुटुंबे तिच्या बाह्यरुग्ण विभागासमोर रांगा लावतात. जनतेच्या पैशावर चालणाऱ्या या संस्थेतील बालरोग व संधिवात विभाग भारतातील आनुवंशिक दाहरोगांच्या निदानात अग्रभागी राहिले आहेत. विरळा आढळणारा रोगी नफ्याच्या हिशेबात बसत नाही. असा रोगी ओळखण्यासाठी वर्षानुवर्षे अनुभव साठवीत जाण्याचे काम सार्वजनिक संस्थाच करू शकते.

या कामाचे मोल एका उदाहरणावरून कळेल. एडीए-२ या विकराच्या अभावामुळे होणारा रोग २०१४ मध्ये प्रथम ओळखला गेला. त्यात त्वचेवर, विशेषतः पायांवर, जाळीसारखी जांभळट नक्षी उमटते आणि रक्तवाहिन्यांना सूज येते. काही मुलांना तर शाळेत जाण्याच्या वयापूर्वीच पक्षाघाताचा झटका येतो. चंदीगडच्या संस्थेतील डॉ. अमन शर्मा व देशभरातील त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये भारतीय रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यातील बरीच कुटुंबे एकाच अंतर्विवाही समाजातील होती आणि त्यांच्यात एकच जनुकदोष आढळला. आई व वडील दोघांकडेही तो दोष सुप्त असेल, तर प्रत्येक अपत्याला रोग होण्याची शक्यता चारात एक असते. यात त्या समाजाला दोष देण्याचे कारण नाही. जातीबाहेर विवाह निषिद्ध ठरविणाऱ्या व्यवस्थेने देशभर जी कुंपणे घातली, त्यांची ही जैविक किंमत आहे.

येथे एक प्रश्न विचारला जातो. क्षय आणि कुपोषण समोर उभे असताना अशा विरळ रोगांचा विचार गरीब देशाने का करावा? वस्तुतः पहिली पायरी जवळजवळ विनाखर्च आहे. ती पाहण्याची आणि विचारण्याची आहे. निदान न झालेले मूल वर्षानुवर्षे दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवते, अनावश्यक प्रतिजैविके घेते, कधी क्षयाची औषधेही घेते, आणि त्यात कुटुंब कर्जात बुडते. खरा उधळेपणा तो आहे.

पाहणारे डोळेही उपलब्ध आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ मध्ये पालघर येथे झाला. त्याची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत मुलांची तपासणी करतात. त्यांच्या यादीत खरूज, बुरशीचा संसर्ग आणि इसब हे त्वचाविकार आहेतच. त्याच यादीत ‘जन्मापासून वारंवार उठणारे, तापासह येणारे चट्टे किंवा पायांवरील जाळीदार नक्षी’ ही एक ओळ का असू नये? अर्थात, त्यासाठी प्रशिक्षणही आपल्या लोकांना अनुरूप हवे. पाठ्यपुस्तकांतील चित्रे बहुतांशी गोऱ्या त्वचेची असतात. सावळ्या त्वचेवर लाली लाल दिसत नाही; ती काळसर वा जांभळट भासते आणि सहज नजरेआड होते.

निदानानंतर औषधाचा प्रश्न उभा राहतो. एडीए-२ च्या रोगात दाह रोखणारी इंजेक्शने पक्षाघात टाळतात, पण ती दीर्घकाळ घ्यावी लागतात. अशांपैकी अडालिमुमॅब या औषधाची भारतीय प्रतिकृती २०१४ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतील किमतीच्या सुमारे एक-पंचमांश दरात बाजारात आली. देशी उत्पादनक्षमता असेल, तर मक्तेदारीचा गळफास सैल होतो हे यावरून सिद्ध होते. २००५ च्या पेटंट दुरुस्तीत डाव्या पक्षांच्या आग्रहाने आलेल्या निर्बंधांच्या बळावरच २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसचा ग्लिव्हेकवरील दावा फेटाळला. ते निर्बंध शिथिल करण्याचा प्रत्येक प्रयत्न या मुलांच्याही विरोधातला आहे.

केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मिळ रोग धोरणात चंदीगडची संस्था आणि मुंबईचे केईएम रुग्णालय ही उत्कृष्टता केंद्रे ठरली. २०२२ पासून प्रत्येक रुग्णासाठी मदतीची मर्यादा ५० लाख रुपये झाली. परंतु आयुष्यभर चालणाऱ्या उपचाराला ठोकळ रकमेची मर्यादा घालणे म्हणजे अर्ध्या वाटेवर हात सोडणे होय.

म्हणून मागण्या स्पष्ट आहेत. आनुवंशिक दाहरोगांचा धोरणात निःसंदिग्ध समावेश व्हावा. बालतपासणीच्या यादीत त्यांची त्वचालक्षणे यावीत आणि आशा व अंगणवाडी सेविकांना योग्य मोबदल्यासह त्यांचे प्रशिक्षण मिळावे. जिल्हा रुग्णालयापासून केंद्रापर्यंत प्रवास, जनुकचाचणी व औषध विनामूल्य असावे. औषधांचे उत्पादन सार्वजनिक क्षेत्रात व्हावे. कामगार संघटना, किसान सभा व महिला संघटनांनी आरोग्याच्या लढ्यात या मागण्यांनाही स्थान दिले पाहिजे. त्वचेवरची सूचना वेळेवर वाचली गेली, तर मूल चालते-बोलते राहते. ती वाचणारी व्यवस्था उभी करणे हे राजकीय काम आहे.