नुसते ‘तुडतुडे’ लिहून भागणार नाही

मोहोराच्या दिवसांत आंब्याच्या बागेतून जाताना पानापानांवर टपटप असा बारीक आवाज ऐकू येतो आणि पाचरीच्या आकाराचे असंख्य लहान कीटक तोंडावर येऊन आदळतात. हे तुडतुडे मोहोरातील व कोवळ्या पालवीतील रस शोषून घेतात. मोहोर वाळून गळतो. त्यांच्या शरीरातून स्रवणाऱ्या चिकट द्रवावर काजळीसारखी काळी बुरशी वाढते. बागायतदारास हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. गावपातळीवरील कार्यकर्ताही पाहणीच्या अहवालात ‘आंब्यावर तुडतुडे आढळले, फवारणी सुचविली’ एवढे लिहून मोकळा होतो. माझ्या मते हा अहवाल अपुरा आहे.

मुळात ‘तुडतुडा’ हा आपला शब्दच फार ऐसपैस. भातावरील तपकिरी तुडतुडा आणि आंब्यावरील तुडतुडा यांची कुलेच निराळी आहेत. साध्या भिंगातून मागचा पाय पाहिला तरी हे ध्यानात येते. आंब्यावरील, कापसावरील आणि भातावरील हिरव्या तुडतुड्यांच्या नडगीवर बारीक काट्यांच्या लांब ओळी असतात. तपकिरी तुडतुड्याच्या नडगीच्या टोकाशी एक मोठा, हलणारा काटा असतो. तपकिरी तुडतुडा चुडाच्या बुंध्याशी राहतो, म्हणून शेंड्यावर मारलेले औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. एका शब्दाने दोघांना हाक मारली की चूक तेथूनच सुरू होते.

आंब्यापुरते बोलावयाचे तरी तुडतुडे एक नव्हेत. १८८९ साली लेथिअरी या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाने आपल्या देशातील आंब्यावरील तीन जातींचे वर्णन केले आणि तिन्ही ‘इडिओसेरस’ या वंशात घातल्या. हा वंश १८३४ साली युरोपात स्थापन झालेला. आंब्यावरचे कीटक तेथे बसविणे म्हणजे पाहुण्याचे नाव दुसऱ्याच घरच्या शिधापत्रिकेवर चढविण्यासारखे होते. पुढे १९१५ साली बेकर यांनी ‘इडिओस्कोपस’ हा वंश वेगळा काढला व त्यातील दोन जाती कालांतराने तेथे गेल्या. तिसरी जात ‘अ‍ॅटकिन्सोनाय’. तिच्यासाठी १९७० साली आनुफ्रिएव या रशियन संशोधकाने ‘अम्रिटोडस’ हा नवा वंश स्थापन केला. म्हणून जुन्या पुस्तकातील ‘इडिओसेरस अ‍ॅटकिन्सोनाय’ आणि आजच्या पत्रकातील ‘अम्रिटोडस अ‍ॅटकिन्सोनाय’ ही कीड एकच. नव्या नावापुढे लेथिअरींचे नाव कंसात छापलेले असते. जाती एका वंशातून दुसऱ्या वंशात गेली, ही त्या कंसाची खूण. सातबाऱ्यावरील फेरफार वाचणाऱ्यास ही नोंद कठीण जाऊ नये.

हा विद्वानांचा रिकामा उद्योग आहे, असे बोलताना मी अनेकांना ऐकले आहे. तसे नाही. तुडतुड्याचा रंग वयाप्रमाणे व ऋतूप्रमाणे बदलतो, ठिपके कधी फिकट होतात. नराच्या पोटाच्या टोकाशी असलेल्या प्रजननावयवांची घडण मात्र सहसा बदलत नाही. पोटाचा तो भाग दाहक पोटॅशच्या द्रावणात ठेवून स्वच्छ करतात, मग सूक्ष्मदर्शकाखाली त्याची आकृती काढतात. वंश व जाती ठरविताना मुख्य भर असतो तो या पुराव्यावर. संशोधकांविषयी माझी तक्रार असेलच तर ती निराळी आहे. नाव बदलल्याची वार्ता नियतकालिकातच पडून राहते. पत्रके छापणाऱ्यांनी काही वर्षे तरी जुने व नवे नाव शेजारी शेजारी छापावयास हवे होते.

शेतात सूक्ष्मदर्शक नसतो, हे खरे. तरी भिंगाने बरेच साधते. दोन्ही पंखांच्या मुळांमध्ये पाठीवर एक त्रिकोणी ढाल असते, ती पाहावी. ढालीवर तीन ठिपके आणि पंखांवर आडवा पांढरा पट्टा असेल तर तो ‘इडिओस्कोपस निव्हिओस्पार्सस’; त्यासच ‘निटिड्युलस’ असेही नाव आहे. ठिपके दोन, अंगाने सर्वांत लहान आणि डोक्याच्या माथ्यावर काळसर ठिपके असतील तर ‘इडिओस्कोपस क्लायपिॲलिस’. ठिपके दोनच, पण तिघांत आकाराने सर्वांत मोठा असेल तर अम्रिटोडस समजावा. पिलांवरून ओळख पटत नाही. त्या भानगडीत पडूच नये.

प्रस्तुत लेखकाने स्वतः अनेक वर्षे अहवालात केवळ ‘तुडतुडे’ असेच लिहिले. पुढे एका बागायतदाराने विचारले की, मोहोर नसतानाही खोडाच्या सालीत दडून बसलेले दिसतात ते हेच का, आणि मोहोरावर अंडी घालणारे तेच का? मी जुनी दप्तरे काढली. वर्षे, तारखा, गावांची नावे, सर्व होते. कोणता तुडतुडा, हे एकाही पानावर नव्हते. त्या नोंदींचा त्या गृहस्थास काडीचा उपयोग झाला नाही. फवारणी मोहोर उमलण्यापूर्वी करावयाची, खोडावरही करावयाची, पूर्ण फुलोऱ्यात मधमाश्यांसाठी टाळावयाची, हे विद्यापीठाच्या वेळापत्रकात लिहिलेले आहेच. पण आपल्या गावात कोणती जात केव्हा व झाडाच्या कोणत्या भागावर वाढते, ते दापोलीस बसून कोणी सांगू शकणार नाही. ते गावातूनच कळावयास हवे.

तेव्हा यंदा मोहोराच्या प्रारंभी आणि पुन्हा पावसाळ्यात पालवी फुटते तेव्हा, प्रत्येक कार्यकर्त्याने पूर्ण वाढलेले दहा-पंधरा तुडतुडे धरावेत. त्यांत नर यावयास हवेत. नुसत्या माद्यांवरून निर्णय करणे अवघड जाते. मोहोरावरचे, पालवीवरचे व खोडावरचे कीटक निरनिराळ्या कुपीत ठेवावेत. प्रत्येक कुपीत गाव, तारीख, आंब्याचा वाण व झाडाचा भाग लिहिलेली चिठ्ठी घालावी. ती शिसपेन्सिलीने लिहावी, कारण कुपीत मद्यार्क असेल तर पेनची शाई विरघळून जाते.