आठवणी सांगाव्यात, पण साक्षीसारख्या

गोंदिया शहराला लागून असलेल्या मुर्री येथे एका ज्येष्ठ कार्यकर्त्याच्या श्रद्धांजली सभेस उपस्थित राहण्याचा योग आला. सभा साधीच होती. मंदिराचा सभामंडप, टेबलावर हार घातलेली तसबीर, समोर सतरंजीवर बसलेले गावकरी आणि पंचक्रोशीतून आलेले जुने सहकारी. एकामागून एक दहा-बारा जण बोलले. निष्ठावान, निगर्वी, अजातशत्रू, प्रसिद्धिपराङ्मुख, ही विशेषणे प्रत्येकाच्या तोंडी होती. ‘त्यांना रागावलेले मी कधी पाहिले नाही,’ असे एकाने सांगितले आणि पुढच्या तिघांनी त्याचीच री ओढली. श्रद्धा खरी होती, कढ खरा होता; पण तसबीर बदलली असती, तर तीच भाषणे दुसऱ्या कोणासही लागू पडली असती.

शेवटी, आयुष्यभर बिड्या वळलेल्या एक वृद्ध बाई उठल्या. त्यांच्या दोन कागदांवर नाव दोन तऱ्हेने लिहिले गेल्यामुळे भविष्यनिर्वाह निधीचे निवृत्तिवेतन अडले होते. भाऊ त्यांना घेऊन चार वेळा कार्यालयात गेले. चौथ्या खेपेस ते कारकुनावर इतके संतापले की बाईच घाबरल्या. दुसऱ्या दिवशी मात्र भाऊ एकटे जाऊन त्या कारकुनाची क्षमा मागून आले आणि पुढच्या महिन्यात काम झाले. बाई दोन मिनिटे बोलल्या आणि खाली बसल्या. ज्यांना रागावलेले कोणी पाहिले नव्हते, ते भाऊ त्या दोन मिनिटांत पहिल्यांदा डोळ्यांसमोर उभे राहिले. त्यांचा मोठेपणा त्या रागाने कमी झाला नाही, उलट तो कशात होता ते उमगले.

सभा संपली, सतरंज्या गुंडाळल्या गेल्या. बाईंनी सांगितलेले कोणी लिहून घेतले नव्हते.

प्रसिद्धिपराङ्मुखता हे आपले व्रत आहे आणि ते योग्यच आहे. प. पू. श्रीगुरुजी 5 जून 1973 रोजी गेले. त्यांच्या पश्चात उघडल्या गेलेल्या तीन पत्रांपैकी एकात त्यांनी आपले स्मारक उभारू नये, अशी इच्छा व्यक्त केली होती. तथापि, ज्यांनी स्मारक नाकारले, त्यांची भाषणे आणि पत्रे कार्यकर्त्यांनी जपली, म्हणूनच ‘श्रीगुरुजी समग्र’चे बारा खंड आज आपल्या हाती आहेत. स्वतःविषयी न बोलणे हा कार्यकर्त्याचा धर्म आहे, पण त्याच्याविषयी अचूक सांगणे हा मागे राहिलेल्यांचा धर्म आहे. या दोहोंत आपण गल्लत केली. त्याच्या मौनाचे अनुकरण करताना आपण आपले कर्तव्यच विसरलो.

त्याची किंमत काय पडते, हे याच भूमीच्या इतिहासात दिसते. मे 1954 मध्ये भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होता. स्वतंत्र जिल्हा झाला तो 1999 मध्ये. राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते आणि काँग्रेसच्या भाऊराव बोरकर यांच्याकडून त्यांचा पराभव झाला. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. या निवडणुकीच्या निमित्ताने बाबासाहेब आणि दत्तोपंत ठेंगडी यांच्या निकट सहवासाच्या आठवणी आपल्या बैठकींतून आवर्जून सांगितल्या जातात. बाहेरचा अभ्यासक त्याविषयी पुरावा मागतो, तेव्हा आपण दुखावले जातो. पण त्याचा प्रश्न गैर नाही. त्या उन्हाळ्यात या खेड्यापाड्यांतून फिरलेली, सभांना बसलेली, भाकर-पाणी पुरवणारी माणसे नंतर कित्येक वर्षे आपल्यामध्येच होती. कोण कोणत्या गावी उतरले, कोणाशी काय बोलणे झाले, हे त्यांना विचारून गावोगाव टिपून ठेवण्याचे सुचले किती जणांना? ठेंगडींनी बाबासाहेबांवर ग्रंथ लिहून आपल्यापुरते हे ऋण फेडले. बाकीच्यांच्या आठवणी त्यांच्याबरोबर गेल्या.

खुद्द दत्तोपंतांचेच उदाहरण घ्या. वर्धा जिल्ह्यातील आर्वी येथे 1920 मध्ये जन्मलेल्या या माणसाने 23 जुलै 1955 रोजी भोपाळ येथे भारतीय मजदूर संघाची स्थापना केली. आणीबाणीत रवींद्र वर्मा यांच्या अटकेनंतर लोकसंघर्ष समितीच्या सचिवपदाची धुरा त्यांनी सांभाळली. 14 ऑक्टोबर 2004 रोजी पुणे येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या साधेपणाच्या गोष्टी आपण रंगवून सांगतो. परंतु आपल्याच विचारांच्या पंतप्रधानांचे शासन दिल्लीत असताना त्याच्या आर्थिक धोरणांवर त्यांनी परखड टीका केली आणि 2003 मध्ये त्याच शासनाने देऊ केलेला पद्मभूषण विनयपूर्वक नाकारला, हे सांगताना मात्र आपला आवाज नकळत खाली येतो. वास्तविक, ध्येयाशी निष्ठा आणि धोरणाशी मतभेद एकाच हृदयात कसे नांदतात, हे नव्या कार्यकर्त्याने शिकावे ते याच प्रसंगावरून. मतभेद गाळलेली आठवण म्हणजे त्या माणसाचा आपल्या सोयीपुरता केलेला संक्षेप होय.

विशेषणांनी माणूस मोठा होत नाही, तो पुसट होतो. तरुण स्वयंसेवक अशी भाषणे ऐकतो तेव्हा त्याच्या मनात येते, ‘हे सारे देवमाणूस होते, आपल्याला कुठले जमायला!’ त्याऐवजी भाऊ चिडले होते आणि दुसऱ्या दिवशी क्षमा मागायला गेले होते, हे त्याला कळले, तर आपणही असे वागू शकतो, असा विश्वास त्याच्या ठायी निर्माण होतो. संस्कार होतो तो याच वाटेने.

म्हणून प्रत्येक शाखेने, प्रत्येक कुटुंबाने काही साधी पथ्ये पाळावीत. श्रद्धांजली सभेत एकाने केवळ टिपण घेण्याचे काम करावे. वक्त्याने गुण सांगितला की प्रसंग विचारावा; प्रसंग सांगितला की वर्ष आणि गाव विचारावे. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच नोंदवावी. व्यासपीठावर केवळ आपलीच माणसे नसावीत. शेजारी, विरोधी पक्षात हयात घालवलेला मित्र, ज्याच्याशी वाद झाला तो सहकारी, ज्याचे काम केले तो श्रमिक, यांना आग्रहाने बोलवावे. घरच्या स्त्रियांना अवश्य विचारावे. कार्यकर्ता महिनोन् महिने प्रवासात असताना चूल कोणी पेटती ठेवली, हे त्यांच्यावाचून कोणास ठाऊक असणार? त्या टिपणाची एक प्रत घरी आणि एक गावच्या वाचनालयात राहावी.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे सभेची वाट पाहू नये. आणीबाणीत कारावास भोगताना जे विशीत होते, ते आज सत्तरी ओलांडून गेले आहेत. त्यांच्यापैकी प्रत्येक वस्तीत कोणी ना कोणी आहे. येत्या रविवारी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसावे, वही उघडावी आणि विचारावे, ‘काका, त्या वेळी नेमके काय घडले?’

मुर्रीहून निघण्यापूर्वी मी त्या बाईंच्या घरी गेलो. त्यांनी सारे पुन्हा सांगितले, या वेळी सन सांगून, आणि कार्यालयाच्या दारातल्या झाडाखाली भाऊंनी डबा उघडून त्यांना अर्धी पोळी दिली होती, तेही. मी ते लिहून घेतले आहे. कागद भाऊंच्या मुलाकडे पाठवला आहे.